वैनगंगेच्या काठाकाठाने : आई-वडील आणि मुलांसह नागपूरहून चार दिवसांची जुन्या गावांची सहल

आपला प्रश्न थोडक्यात असा आहे. नागपुरातले सहा जणांचे कुटुंब, त्यात सत्तरी ओलांडलेले आई-वडील आणि आठ व बारा वर्षांची दोन मुले, दिवाळीनंतरचे चार दिवस मोकळे, प्रवास मोटारीने, आणि या वेळी थंड हवेचे ठिकाण किंवा जंगल सफारी न करता इतिहास असलेली जुनी गावे पाहावीत अशी इच्छा. त्यासाठी समृद्धी महामार्गाने सिंदखेडराजा, मेहकर आणि लोणार करावे, की नागपूरच्या जवळच काही आखता येईल, असे आपण विचारले आहे. नागपूरहून कुटुंबांच्या आणि विद्यार्थ्यांच्या इतिहास-सहली आखून देण्याचे काम मी बरीच वर्षे करीत आलो आहे. त्या आधारावर हे उत्तर देत आहे.

सिंदखेडराजा अवश्य पाहावे, परंतु या सहलीत नाही. लखुजी जाधवांचा वाडा, जिजाऊंचे जन्मस्थान, लखुजींची भव्य समाधी आणि गावातले जुने तलाव व बारव यांसाठी दोन दिवसांची वेगळी फेरी करणे योग्य ठरेल. अडचण रस्त्याची आहे. समृद्धी महामार्ग मुळातच गावे टाळून नेलेला आहे; नागपूरलगतच्या शिवमडक्याला त्यावर चढल्यानंतर तीनशेहून अधिक किलोमीटर आपण एकाही गावातून जात नाही, आणि मागच्या आसनावरची मुले तेवढा वेळ मोबाइलमध्ये घालवतात. एका ठिकाणी लवकर पोहोचायचे असेल तर तो रस्ता उत्तम आहे. गावे पाहायची असतील तर रस्ता गावांना धरून जाणारा हवा, आणि शक्यतो सगळी गावे एका धाग्यात ओवलेली हवीत, म्हणजे पहिल्या दिवशी पाहिलेले तिसऱ्या दिवशी उपयोगी पडते.

नागपूरकरांना असा धागा वैनगंगेने दिलेला आहे. मनसर, रामटेक, नगरधन, भंडारा, पवनी, ब्रह्मपुरी, मार्कंडा, चंद्रपूर, भद्रावती आणि वरोऱ्यावरून परत नागपूर, असा हा फेरा साडेपाचशे किलोमीटरच्या आसपास होतो. यातली सगळीच गावे नदीकाठी नाहीत, परंतु रामटेक आणि चंद्रपूर ही दोन टोके सोडली तर नदी दोन दिवस आपल्या आसपासच असते. वाकाटक या विदर्भातल्या प्राचीन राजघराण्याची राजधानी, त्याआधीच्या काळातली स्तूपांची नगरी, मध्ययुगीन शिल्पवैभव आणि गोंड राजांचे तटबंद शहर हे सगळे या एका फेऱ्यात येते. आपल्या आईंना आणखी एक गोष्ट आवडेल: विदर्भातल्या अष्टविनायकांपैकी रामटेकचा अष्टादशभुज, भंडाऱ्याजवळच्या मेंढ्याचा भृशुंड, पवनीचा पंचमुखी आणि भद्रावतीचा वरदविनायक हे चार गणपती वाटेवरच आहेत, आणि निघताना सीताबर्डीवर टेकडीच्या गणपतीला नमस्कार केला तर पाच होतात.

गाडीविषयी आधीच सांगतो. सहा माणसे आणि चार दिवसांचे सामान पाच आसनी गाडीत बसवू नये. मुले लहान आहेत, चालून जाईल, असे निघताना वाटते. दुसऱ्या दिवशी दुपारी आजोबांचे गुडघे वेगळे सांगतात. सात आसनी गाडी भाड्याने घ्यावी आणि ती या भागात वावरलेल्या चालकासह मिळाली तर अधिक चांगले.

पहिला दिवस मनसर आणि रामटेकला द्यावा. नागपूरहून सकाळी सातला निघाल्यास मनसर तासाभराच्या अंतरावर आहे. बहुतेक लोक मनसर हे रामटेककडे वळण्याचे नाके आणि मॅंगनीजच्या खाणींचे गाव म्हणून ओळखतात, आणि महामार्गालगतची हिडिंबा टेकडी न पाहताच पुढे जातात. या टेकडीवरच्या उत्खननात विटांच्या भव्य बांधकामांचे अवशेष मिळाले. उत्खनन करणारे जगत्पती जोशी आणि अ. कु. शर्मा यांनी मनसर म्हणजेच वाकाटक राजा दुसरा प्रवरसेन याची राजधानी प्रवरपूर असल्याचे मांडले, त्याआधी इतिहाससंशोधक वा. वि. मिराशी यांनी तो मान वर्ध्याजवळच्या पवनारला दिला होता. येथे सापडलेली बसलेल्या शिवाची प्रसिद्ध मूर्ती आज दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. टेकडीवर सावली कमी असल्याने ती सकाळीच पाहून घ्यावी, आणि वडिलांना चढ झेपत नसेल तर त्यांनी पायथ्याच्या तलावाजवळ थांबण्यात काही बिघडत नाही.

रामटेकला दहा-साडेदहापर्यंत पोहोचून सामान ठेवावे आणि गड दुपारी साडेतीननंतरच चढावा. गडाच्या वरच्या भागापर्यंत गाडीरस्ता आहे, तरी वाहनतळापासून पुढे पायऱ्या आहेतच. माझ्या मते येथे कुटुंबाचे दोन गट करावेत: आई-वडिलांनी गाडीने वर जावे आणि एका पालकाने मुलांना घेऊन अंबाळा तलावाच्या बाजूच्या जुन्या दगडी पायऱ्यांनी चढावे. वराह दरवाजापाशी विष्णूच्या वराह अवताराची प्रचंड दगडी मूर्ती आहे. तिच्या पोटाखालून सरपटत जाण्याची प्रथा आहे आणि पापी माणूस मध्ये अडकतो अशी समजूत आहे. मुलांना गड लक्षात राहतो तो यामुळेच, आणि त्याला माझी काही हरकत नाही.

मोठ्यांनी मात्र मुख्य राममंदिराआधी केवल नरसिंह आणि रुद्र नरसिंह ही दोन साधी, जवळजवळ ठेंगणी वाटणारी देवळे थांबून पाहावीत. ती वाकाटककाळातली, म्हणजे सुमारे दीड हजार वर्षांपूर्वीची आहेत. आतल्या नरसिंहाच्या मांडीवर हिरण्यकशिपू नाही; एक गुडघा उभा करून, चक्रावर हात ठेवून देव स्वस्थ बसलेला आहे. पुढे लक्ष्मण मंदिरात यादव राजा रामचंद्राच्या काळचा शिलालेख आहे आणि गडाची आजची तटबंदी व दरवाजे यांवर नागपूरकर भोसल्यांचा हात फिरलेला आहे. वाकाटक, यादव आणि भोसले अशा तीन राजवटी अर्ध्या तासाच्या चालीत भेटतात, असे दुसरे ठिकाण नागपूरच्या इतके जवळ मला माहीत नाही. कालिदासाच्या ‘मेघदूता’तला यक्ष ज्या रामगिरीवर विरहात दिवस काढीत होता तो हाच डोंगर, असे मत मिराशींनी हिरिरीने मांडले. वर कालिदासाचे स्मारकही आहे. या मताबद्दल वाद आहेत, परंतु वाकाटक राणी प्रभावतीगुप्ता हिने रामगिरीच्या स्वामींच्या पादमूलापासून, म्हणजे देवाच्या चरणांपाशी, दिलेला ताम्रपट रिद्धपूर येथे मिळाला असल्यामुळे, त्या काळी या डोंगराला मोठे धार्मिक महत्त्व होते याबद्दल शंका राहत नाही.

गडावर वानरे फार आहेत. प्रसाद, चिप्सची पाकिटे आणि आजोबांचा चष्मा या तिन्ही गोष्टी सांभाळाव्यात. खाली उतरल्यावर अंबाळा तलावाकाठची देवळे पाहावीत. दिवाळीनंतरच्या दिवसांत रस्त्याच्या कडेला उकडलेले शिंगाडे विकायला बसलेले असतात, ते घ्यावेत. या भागातल्या तलावांचे ते पीक आहे. मुक्काम रामटेकलाच करावा. नागपूर इतके जवळ आहे म्हणून रात्री घरी परतण्याचा मोह होतो, परंतु तसे केल्यास दुसऱ्या दिवशीची सकाळ वाया जाते. तारखा ठरवताना एक खबरदारी घ्यावी: वैकुंठ चतुर्दशी आणि त्रिपुरी पौर्णिमेला रामटेकला मोठी यात्रा भरते. ती पाहायची असेल तर जरूर जावे, पण मग देवळे निवांत पाहण्याची आशा सोडावी आणि खोल्या बऱ्याच आधी सांगून ठेवाव्यात.

दुसऱ्या दिवशी सकाळी आठच्या सुमारास नगरधनला पोहोचावे. रामटेकहून हे अंतर नऊ-दहा किलोमीटर आहे. आज दिसतो तो चौकोनी, बुरुजांचा भुईकोट अलीकडच्या शतकांतला आहे, आणि त्याच्या आत जमिनीच्या पातळीखाली उतरून जावे लागणारे देवीचे ठाणे मुलांना आवडते. परंतु या गावाचे महत्त्व किल्ल्यात नसून गावाच्या मातीत आहे. वाकाटकांची राजधानी नंदिवर्धन ती हीच. गेल्या दशकात पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि राज्याचा पुरातत्त्व विभाग यांनी येथे उत्खनन केले, तेव्हा प्रभावतीगुप्तेच्या नावाची मातीची मुद्रा सापडली. ही गुप्त सम्राट दुसऱ्या चंद्रगुप्ताची मुलगी. पती दुसरा रुद्रसेन अकाली वारल्यानंतर तिने लहान मुलांच्या वतीने राज्य चालवले. बारा वर्षांच्या मुलीला किंवा मुलाला हे किल्ल्याच्या दारात उभे राहून सांगावे. सोळाशे वर्षांपूर्वी एका बाईने येथून राज्य केले आणि तिचा शिक्का या गावात सापडला, एवढी दोन वाक्ये पुरेशी आहेत. वंशावळ सांगत बसू नये.

येथेच एक सूचना करतो, जी मनसर आणि पवनीलाही लागू आहे. अशा गावांत पायाखाली जुनी खापरे विखुरलेली असतात. मुले ती खिशात टाकतात. उचलून पाहू द्यावीत, काळी-लाल खापरे ओळखायला शिकवावीत आणि जिथे उचलली तिथेच ठेवायला लावावीत. जागेवरून हललेले खापर अभ्यासकाच्या दृष्टीने मुके होते.

नगरधनहून भंडारा तास-सव्वा तासाचा रस्ता आहे. भंडाऱ्यात मी फार वेळ घालवणार नाही. मेंढ्याच्या भृशुंड गणेशाचे दर्शन घ्यावे, जेवण लवकर, म्हणजे साडेअकरालाच उरकावे आणि आईंना हवे असेल तर पितळी भांड्यांच्या दुकानात अर्धा तास द्यावा. हे गाव पितळेसाठीच नावाजलेले आहे. नदीच्या खोऱ्यातून सरळ पवनीकडे निघावे. वाटेत दिसणाऱ्या तलावांकडे मुलांचे लक्ष वेधावे. पूर्व विदर्भात असे तलाव हजारोंनी आहेत. त्यांतले कितीतरी कोहळी समाजाने गोंड राजांच्या काळापासून धानाच्या शेतीसाठी बांधले, आणि मालगुजारी, म्हणजे सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत, गेल्यानंतर त्यांना ‘मामा तलाव’, म्हणजे माजी मालगुजारी तलाव, असे सरकारी नाव मिळाले. चार दिवस आपण जी गावे पाहणार आहोत त्यांतल्या बहुतेकांची रचना आधी तलाव, मग देऊळ, मग वस्ती या क्रमाने झालेली आहे, हे एकदा लक्षात आले की गाडीच्या खिडकीतूनही बरेच काही वाचता येते.

पवनी हे या फेऱ्यातले सर्वांत कमी पाहिले जाणारे आणि माझ्या मते सर्वांत थोर गाव आहे. तीन बाजूंना मातीचा उंच तट व खंदक आणि चौथ्या बाजूला वैनगंगा, अशी त्याची जुनी बांधणी आहे. १९६९-७० मध्ये नागपूर विद्यापीठ आणि भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनी शां. भा. देव आणि जगत्पती जोशी यांच्या नेतृत्वाखाली येथे उत्खनन केले आणि जगन्नाथ टेकडी या नावाने ओळखल्या जाणाऱ्या उंचवट्याखाली विस्तीर्ण बौद्ध स्तूप निघाला. कठड्याच्या कोरीव स्तंभांवर ब्राह्मी लिपीतले दानलेख होते आणि एका शिल्पपटात बुद्धावर फणा धरणारा म्हणून बौद्ध कथांत येणारा मुचलिंद नाग पाच फण्यांचा कोरलेला होता. सांची आणि भरहुत ही नावे शाळेच्या पुस्तकात येतात. त्याच परंपरेतला स्तूप नागपूरहून दोन तासांवर होता, हे नागपूरच्या मुलांना कोणी सांगत नाही.

आजच्या पवनीत स्तूपाची भव्यता डोळ्यांना दिसणार नाही, हे आधीच सांगून ठेवतो, म्हणजे निराशा होणार नाही. येथे गाव पाहायचे असते. प्रथम तट पाहावा. जुन्या वस्तीच्या कडेला जो लांब, गवताळ बांध दिसतो तो बांध नसून तट आहे. त्यावर काही ठिकाणी घरेही चढली आहेत, तर काही ठिकाणी दगडी तटाचे आणि बुरुजांचे अवशेष टिकून आहेत. तटाच्या आत शिरल्यावर गल्ल्या अरुंद होतात, म्हणून गाडी बाहेरच लावावी. गल्लीगणिक देऊळ भेटते. पंचमुखी गणपतीला मूर्ती अशी नाही, एका पाषाणस्तंभावर चहूकडे मुखे कोरलेली आहेत. ते पाहून वैजेश्वर घाटाकडे उतरावे. घाटाच्या पायऱ्या मोठ्या आणि उंच आहेत. वडिलांनी वरच्या टप्प्यावरच बसावे. नदीत कोणीही उतरू नये. जवळच गोसेखुर्दचे धरण आहे आणि त्यातून पाणी सोडले की पात्र अनपेक्षितपणे भरते. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस या नदीच्या पुराने भंडाऱ्यापासून गडचिरोलीपर्यंत हाहाकार केला होता. पावसाळ्यात हा फेरा मी कोणालाही सुचवत नाही.

पवनीत चांगल्या मुक्कामाची सोय मर्यादित आहे, म्हणून चारच्या आत निघून ब्रह्मपुरी गाठावी. नोव्हेंबरात आपल्याकडे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो, आणि याच दिवसांत धानाची कापणी व चुरणे चालू असल्यामुळे मागे दिवा नसलेले ट्रॅक्टर-ट्रॉली, रस्त्याच्या कडेला पसरलेले धान आणि घरी परतणारी गुरे एकाच वेळी रस्त्यावर असतात. अंधारात गाडी चालवायची नाही, हा नियम या फेऱ्यात एकदाही मोडू नये.

तिसरा दिवस प्रवासाच्या दृष्टीने सर्वांत लांब आहे. ब्रह्मपुरीहून आरमोरी, गडचिरोली, चामोर्शी आणि मार्कंडा असे अडीच ते तीन तास लागतात. गडचिरोलीचे नाव निघाले की घरातली मोठी माणसे बिचकतात. हा रस्ता नेहमीच्या रहदारीचा, एसटीचा आणि बाजारगावांचा आहे. दिवसा कुटुंबे येथून सर्रास येतात-जातात. आरमोरीला कोशाचे, म्हणजे टसर रेशमाचे, विणकाम चालते, ते पाहता आले तर पाहावे. तेथून वैरागडला जाण्याचा फाटा आहे. तिथल्या हिऱ्यांच्या खाणीची नोंद अकबराच्या काळच्या लिखाणात सापडते आणि झाडोऱ्यात बुडालेला भुईकोट आजही उभा आहे. मात्र सहा जणांचे कुटुंब घेऊन दोन्ही करता येत नाही. वैरागड आणि मार्कंडा यांतले एक निवडायचे तर मार्कंडा निवडावे.

मार्कंडा येथे वैनगंगा उत्तरवाहिनी होते आणि त्या वळणावर, एका आवारात, दगडी देवळांचा समूह उभा आहे. इंग्रज पुरातत्त्वज्ञ अलेक्झांडर कनिंगहॅम १८७३-७४ च्या दौऱ्यात येथे आला, तेव्हा त्याने आवारातल्या वीसहून अधिक देवळांची नोंद केली होती. आज त्याहून कमी उभी आहेत. मुख्य मार्कंडेय मंदिराचे शिखर वीज पडून ढासळले होते. लोक याला विदर्भाचे खजुराहो म्हणतात. मला ही उपमा आवडत नाही, कारण ती ऐकून आलेला माणूस फक्त मैथुनशिल्पे शोधतो आणि भिंतीवरच्या थरांची लय, सुरसुंदरींची, म्हणजे कोरलेल्या अप्सरांची, उभी राहण्याची ढब, कोपऱ्यांत बसवलेले व्याल, म्हणजे सिंहासारखे काल्पनिक प्राणी, यांकडे पाहतच नाही. अशी शिल्पे आहेत आणि मुले प्रश्न विचारतील. तेव्हा गडबडून पुढे ढकलण्यापेक्षा त्या काळी देवळाच्या भिंतीवर सगळे आयुष्य कोरीत असत, असे सरळ सांगावे. जतनाचे काम येथे टप्प्याटप्प्याने चालते, त्यामुळे एखाद्या देवळाला परांची बांधलेली आढळू शकते. सकाळचे तिरके ऊन शिल्पांवर असताना, म्हणजे अकराच्या आत पोहोचणे सर्वांत चांगले. येथे दोन तास लागतात. जेवण चामोर्शीला किंवा मूलला होते. डबा बरोबर असेल तर उत्तम, कारण या पट्ट्यात दुपारी तीननंतर ताजे जेवण मिळण्याची खात्री नसते. महाशिवरात्रीला येथे मोठी यात्रा भरते, हे जाता जाता नोंदवून ठेवतो.

मार्कंड्याहून नदी ओलांडून मूल आणि मूलहून चंद्रपूर हा रस्ता दोन तासांचा आहे. मूल ते चंद्रपूर हा पट्टा जंगलातून जातो आणि त्यावर वाघ-बिबट्यांची ये-जा असते. साडेपाचच्या आत चंद्रपुरात शिरावे आणि वाटेत फोटोसाठी गाडीतून उतरू नये. इतक्या जवळ आलोच आहोत तर ताडोब्याची एक फेरी करू, असे घरात कोणीतरी म्हणेल. ते मान्य करू नये. सफारीसाठी पहाटे चारला उठावे लागते, आरक्षण आधी करावे लागते, मंगळवारी उद्यान बंद असते आणि वाघ दिसो वा न दिसो, तो दिवस चंद्रपूर शहराच्या हातून जातो.

चंद्रपूर हे या फेऱ्याचे शिखर आहे. नागपूरकर त्याला कोळसा, औष्णिक वीज आणि उन्हाळ्यातले तापमान यांसाठी ओळखतात, पण गोंड राजांनी वसवलेले हे शहर आजही परकोटाच्या, म्हणजे शहराभोवतीच्या तटाच्या, आत नांदते आहे. इरई आणि झरपट या नद्यांच्या मध्ये हा परकोट सुमारे अकरा किलोमीटर फिरतो. उत्तरेला जटपुरा, पूर्वेला अचलेश्वर, दक्षिणेला पठाणपुरा आणि पश्चिमेला बिनबा असे चार दरवाजे आहेत, आणि त्याखेरीज चोर, विठोबा, हनुमान, मसाण आणि बगड या नावांच्या पाच खिडक्या, म्हणजे तटातली लहान दारे. दरवाजांवर हत्तीला नमवणाऱ्या सिंहाचे गोंड राजचिन्ह कोरलेले आहे. मुलांना हे काम द्यावे: नकाशा हातात घेऊन चारही दरवाजांवरचे सिंह शोधायचे आणि कोणत्या सिंहाखाली किती हत्ती आहेत ते वहीत लिहायचे. आठ वर्षांचे मूलही यात दोन तास रमते, आणि परकोटाला वळसा घालण्याचे आपले काम आपोआप होते.

त्याआधी, नाश्त्याच्या वेळी, त्यांना शहराची दंतकथा सांगून ठेवावी. बल्लारपूरचा राजा खांडक्या बल्लाळशहा याच्या अंगभर फोड होते. शिकारीत तहान लागली म्हणून तो झरपटीच्या पात्रातल्या एका डबक्याचे पाणी प्याला, तोंड धुतले आणि रात्री शांत झोपला. सकाळी राणीने पाहिले तो फोड बरे झालेले. त्या जागी अचलेश्वराचे देऊळ उभे राहिले. पुढे तेथेच त्याच्या कुत्र्याच्या मागे एक ससा लागला. राजाला नवल वाटले. राणी म्हणाली, जिथे ससा कुत्र्याला पळवतो तिथे शहर वसवा. सशाने ज्या मार्गाने कुत्र्याला पळवले त्या मार्गावर तट बांधला, अशी कथा आहे. परकोट प्रत्यक्षात पूर्ण व्हायला अनेक पिढ्या लागल्या, पण मुले मग दिवसभर सशाच्या वाटेने चालत असतात.

अचलेश्वर दरवाजाजवळ अचलेश्वराचे देऊळ, गोंड राजांच्या समाध्या आणि थोड्या अंतरावर महाकालीचे मंदिर हे सगळे एकत्र आहे. समाध्यांमध्ये सर्वांत मोठी बीरशहाची असून ती राणी हिराईने बांधवली. नवऱ्याच्या मागे राज्य सांभाळणारी आणि देवळे-समाध्या उभारणारी ही राणी. तिची आणि नगरधनच्या प्रभावतीगुप्तेची गाठ मनात घालण्याची जबाबदारी मोठ्या मुलावर सोपवावी. ती ओळख त्याला स्वतःहून झाली तर अधिक चांगले. गोंडांचे हे राज्य १७५१ मध्ये नागपूरकर भोसल्यांकडे गेले आणि मे १८१८ मध्ये इंग्रजांनी तोफा लावून शहर घेतले.

लालपेठेतल्या प्रचंड अपूर्ण मूर्ती मात्र चुकवू नयेत. रायप्पा नावाच्या वैश्याने एका भव्य देवळासाठी त्या घडवल्या असे सांगतात. देऊळ झालेच नाही आणि मूर्ती उघड्यावर आडव्या पडून राहिल्या. दशमुखी दुर्गेची शिळा सुमारे २५ फूट लांब आहे. चालायला फारसे नाही, पायऱ्या नाहीत, त्यामुळे आजी-आजोबांना ही जागा सर्वांत सोयीची पडते.

चौथ्या दिवशी हे सगळे दुपारी एकपर्यंत आटोपावे लागते आणि ते घाईचे होते, हे मला मान्य आहे. एक दिवस वाढवता आला तर तो चंद्रपुरातच वाढवावा. तेव्हा बल्लारपूरचा वर्धा नदीकाठचा किल्लाही होतो. चैत्रात महाकालीची जत्रा भरते तेव्हा मात्र शहरात गाडी आणण्याचे धाडस करू नये.

परतीच्या वाटेवर भद्रावतीला दोन तास पुरतात. विजासन टेकडीतली बौद्ध लेणी आधी पाहावीत. सरळ आत जाणारा लांब मार्ग, शेवटी बसलेला बुद्ध आणि दोन्ही बाजूंना तसेच फाटे अशी त्यांची रचना आहे, म्हणून बॅटरी बरोबर ठेवावी. नंतर भद्रनाग मंदिर, वरदविनायक आणि पार्श्वनाथाचे जैन मंदिर. डोलारा तलावातल्या बेटाकडे जाणारा प्राचीन दगडी पूल बहुतेक जण पाहत नाहीत. वेळ असेल तर पाहावा. भद्रावती आणि वरोरा यांच्या दरम्यान कोळशाचे ट्रक फार असतात. तेथून जाम या गावावरून नागपूर अडीच तासांवर आहे.

स्वच्छतागृहे ही या संपूर्ण फेऱ्यातली सर्वांत दुबळी बाजू आहे. पेट्रोल पंप, मोठी हॉटेले आणि मुक्कामाच्या खोल्या यांवरच भिस्त ठेवावी, म्हणजे भंडारा, ब्रह्मपुरी, गडचिरोली आणि मूल ही ठिकाणे थांबण्यासाठी आधीच मनात धरावीत. आई-वडिलांची औषधे सामानात न टाकता हाताशी ठेवावीत. सुटे पैसे लागतात. पुरातत्त्व खात्याची स्थळे सूर्यास्ताला बंद होतात, आणि तेथे ड्रोन उडवण्यास परवानगीशिवाय मनाई आहे.

आपल्याला चारऐवजी तीनच दिवस मिळाले तर रामटेक, मनसर आणि नगरधन वेगळ्या रविवारासाठी राखून ठेवावेत, कारण ते नागपूरहून केव्हाही एका दिवसात होतात. तीन दिवसांच्या फेऱ्यात उमरेड, भिवापूर या रस्त्याने सरळ पवनीला जावे, मुक्काम ब्रह्मपुरीला करावा आणि पुढचा आराखडा वर सांगितला तसाच ठेवावा. भिवापूरची मिरची प्रसिद्ध आहे, परंतु नवी मिरची बाजारात येण्याचा हंगाम दिवाळीनंतर काही काळाने सुरू होतो. तेव्हा ती घेण्याचा बेत असेल तर सहल जानेवारीच्या अखेरीस ठेवावी. त्या दिवसांत ऊनही सौम्य असते आणि मुलांच्या परीक्षांना अद्याप अवकाश असतो.